शिलाई मशीनमधून निघालेली करवत

‘जिगसॉ’ म्हटलं की मुलांना तुकडे जुळवायचं कोडं आठवतं आणि सुताराला हातातलं यंत्र. दोघांचंही बरोबर आहे. १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा कारागीर होता. त्यानं नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि बारीक करवतीनं देशांच्या सीमांवरून कापला. ते तुकडे जुळवता जुळवता मुलांनी भूगोल शिकावा, हा हेतू. पुढे पायानं चालवायच्या करवती आल्या. त्यांचं पातं भराभर वरखाली नाचायचं, म्हणून इंग्रजीत त्यांना जिगसॉ म्हणू लागले. कोड्यालाही तेच नाव चिकटलं.

या पायाच्या करवतीत पातं दोन्ही टोकांना ताणून बांधलेलं असे. पातं जागेवर राही आणि कारागीर फळी फिरवी. त्यामुळे यंत्राच्या कमानीत मावेल तेवढीच फळी कापता येई. मोठ्या दाराच्या मधोमध गोल भोक पाडायचं, तर ही करवत कामाची नव्हती.

ही अडचण सुटली स्वित्झर्लंडमधल्या सोलोथुर्न गावी. तिथे सिंटिला नावाची कंपनी इंजिनांसाठी मॅग्नेटो बनवीत असे. तिथला अभियंता आल्बर्ट काउफमान यानं १९४६मध्ये बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढून तिथे करवतीचं पातं बसवलं, असं सांगतात. दुसऱ्याच वर्षी, १९४७मध्ये, हातात धरून चालवायची विजेची जिगसॉ ‘लेस्टो’ या नावानं बाजारात आली. १९५४मध्ये बॉश कंपनीनं सिंटिला ताब्यात घेतली.

सुईची जागा पात्यानं घेतली आणि पात्याचं खालचं टोक मोकळं झालं. आता फळी स्थिर ठेवून यंत्रच हवं तिकडे वळवता येऊ लागलं. पण एक फरक राहिला. शिलाई मशीनच्या सुईचं टोक कापडातून जातं ते पाटाखाली, झाकलेल्या जागेत. जिगसॉला असा पाट नाही. पातं फळीतून आरपार जातं आणि खाली उघड्यावर नाचत राहतं. चालवणाऱ्याचे डोळे मात्र वरच्या पेन्सिलच्या रेघेवर असतात.

हे मी आधी बोटानं शिकलो, इतिहास नंतर वाचला. उमेदवारीच्या दिवसांत एकदा घाईत प्लायवूड डाव्या हातानं खालून धरलं आणि उजव्या हातानं यंत्र चालवलं. रेघ सरळ आली. तर्जनीचा शेंडा मात्र आजही बधिर आहे. आमचे मिस्त्री जखमेवर फडकं आवळत एवढंच म्हणाले, “बाबा रे, रेघ वर असते, पातं खाली असतं.”

म्हणून पहिला नियम : फळी शिकंज्यानं घट्ट बांधा, खाली हात, मांडी, वायर किंवा टेबलाची कड येत नाही हे पाहा. दुसरा : शिलाई मशीनचा पाय जसा कापड दाबून धरतो, तशी यंत्राची खालची प्लेट फळीवर पूर्ण टेकलेली हवी. ती उचलली गेली की पातं अडकून यंत्र उसळतं. यंत्र सुरू झाल्यावरच पातं लाकडाला लावा, रेटू नका, आणि पातं पूर्ण थांबल्याशिवाय यंत्र उचलू नका. मधलं भोक पाडायचं असेल तर आधी ड्रिलनं पातं शिरेल एवढं छिद्र करा. डोळ्यांवर चष्मा हवाच. सैल बाह्या नकोत. बहुतेक पाती वर येताना कापतात, त्यामुळे कपच्या वरच्या बाजूला उडतात. म्हणून फळीची चांगली बाजू खाली ठेवावी.

देखभालीचं म्हणाल, तर प्लग काढल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही. कापून झाल्यावर पातं चटका देण्याइतकं गरम असतं, तेही विसरू नये. लाकडाला मोठ्या दातांचं, पत्र्याला बारीक दातांचं पातं. लाकूड करपल्याचा वास आला, की पातं बोथट झालं समजा. जोर वाढवू नका, पातं बदला. हवेच्या झरोक्यांतला भुसा ब्रशनं झाडा. पात्याच्या मागच्या छोट्या चाकावर तेलाचा एखादा थेंब पुरतो. मोटारीत ठिणग्या जास्त दिसू लागल्या, तर कार्बन ब्रश झिजलेत का ते जाणकाराकडून पाहून घ्या. वायरीची साल निघाली असेल, तर चिकटपट्टीवर भागवू नका.

आज अनेक घरांत हे यंत्र हौसेनं घेतलं जातं. शिकवायला मिस्त्री शेजारी उभे असतातच असं नाही. म्हणून माझी सवय सांगून ठेवतो. प्लग लावण्यापूर्वी मी अजूनही खाली वाकतो आणि फळीच्या खालची बाजू एकदा नीट पाहून घेतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)