घारापुरीच्या हरवलेल्या लेखासंबंधीं

घारापुरीचीं लेणीं राष्ट्रकूटांनीं कोरविलीं, असें आम्ही मुदखेडास शिक्षक असतांना विद्यार्थ्यांस कित्येक वर्षें सांगत आलों. कंधार आमच्याच जिल्ह्यांत. तेथील राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळचा शिलालेख प्रसिद्ध आहे. तेव्हां वेरूळचें कैलास खोदविणाऱ्या कुळाचेंच हेंहि काम, असें मानण्यांत थोडा प्रांताभिमानहि होता. तें मत आम्ही येथें मागें घेतों.

गेल्या मार्गशीर्षांत मुंबईस गेलों असतां एक दिवस घारापुरीस दिला. (सोमवारीं लेणीं बंद असतात, हें जाणारांनीं ध्यानांत ठेवावें.) अपोलो बंदराहून लाँच सुटते ती सुमारें तासाभरांत बेटास लागते. समुद्रावर ऐहोळची प्रशस्ति आठवल्यावांचून राहत नाहीं. शके ५५६ (इ. स. ६३४-३५) च्या त्या लेखांत दुसऱ्या पुलकेशीनें शेंकडों नौकांनिशीं पश्चिम समुद्रावरील पुरी घेतल्याचें रविकीर्ति वर्णितो. ती पुरी हीच, असें कांहीं विद्वान् म्हणतात. कांहीं जंजिऱ्याजवळील राजपुरीकडे बोट दाखवितात. निव्वळ नामसाम्यावर आमचा भरंवसा नाहीं.

सुमारें १२० पायऱ्या चढून मुख्य लेण्यांत गेलों. ज्यास लोक त्रिमूर्ति म्हणतात तो वस्तुतः सदाशिव होय. उंची सुमारें १८ फूट. परंतु त्याचा कर्ता सांगणारा एकहि लेख तेथें नाहीं. पूर्वी होता. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो लिहितो कीं, १५३४ त वसई हातीं आल्यावर पोर्तुगीजांनीं द्वारावरील मोठ्या व सुबक अक्षरांची एक शिला काढून नेली. ती वाचणारा हिंदु वा मुसलमान येथें कोणी मिळाला नाहीं, म्हणून ती राजा तिसरा जॉन यांजकडे पोर्तुगालास पाठविली. तेथेंहि ती वाचली गेली नाहीं. आणि कौतोच्याच वेळीं तिचा मागमूस उरला नव्हता. काढतांना कोणी एक ठसा घेतला असता तर! द्वाराच्या माथ्यावर तिची खोबण आम्ही बराच वेळ शोधली. खात्रीनें सांगण्याजोगी खूण सांपडली नाहीं.

लेखाच्या अभावीं नाण्यांकडे वळावें लागतें. बेटावर कृष्णराजाचीं लहान नाणीं सांपडलीं आहेत. कृष्ण हें नांव फसवें. पूर्वी कांहींनीं हीं नाणीं राष्ट्रकूटांचीं मानलीं. परंतु हा कृष्णराज कलचुरि, सहाव्या शतकांतील. त्याच्या रौप्यनाण्यांवर नंदी असून तो स्वतःस परममाहेश्वर म्हणवितो. आणि लेण्यांत लकुलीशाची मूर्तिहि आहे. वा. वि. मिराशी यांनींहि कर्तृत्व कलचुरींकडेच दिलें. उलट, राष्ट्रकूटांची सत्ता दंतिदुर्गानें उभारली ती आठव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे सुमारें दोनशें वर्षें मागाहून. कंधारच्या कृष्णाचा काळ तर दहावें शतक.

नाणीं व्यापारानेंहि फिरतात, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. म्हणून परतीच्या लाँचवर टिपणवहींतील ‘राष्ट्रकूट’ शब्द खोडून त्याजागीं ‘कलचुरि कृष्णराज, बहुधा’ असें लिहिलें. ‘बहुधा’ मुद्दाम ठेविलें आहे.