काळा रंग हरला कसा? प्लाझ्मा टीव्हीची गोष्ट

ओएलईडी घ्यायचा की क्यूएलईडी, हा प्रश्न सध्या घरोघरी आहे. पण असंच भांडण वीस वर्षांपूर्वीही झालं होतं. प्लाझ्मा विरुद्ध एलसीडी. त्यात ज्याचं चित्र सरस होतं, तोच हरला. का हरला, तेच आज बघूया.

सुरुवात होते १९६४ साली, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात. डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी प्लाझ्मा पडदा बनवला. आणि गंमत म्हणजे, टीव्हीसाठी नाही! त्यांना तो हवा होता 'प्लेटो' या शिकवणाऱ्या कॉम्प्युटरसाठी. साध्या पिक्चर ट्यूबवर चित्र टिकवायचं तर ते पुन्हा पुन्हा काढावं लागायचं, आणि त्यासाठी लागणारी मेमरी तेव्हा भयंकर महाग होती. प्लाझ्माचा ठिपका एकदा पेटला की पेटलेलाच राहायचा. रंग मात्र एकच, नारिंगी.

एलसीडीची वाट वेगळी. १९६८ मध्ये आरसीए कंपनीने जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाचं हे काम जगापुढे मांडलं. पुढे १९७३ मध्ये शार्पने ते खिशातल्या कॅल्क्युलेटरमध्ये घातलं. म्हणजे बघा, एक तंत्र मोठ्या पडद्याकडे निघालं आणि दुसरं खिशाकडे.

आता खरा फरक समजून घ्या. प्लाझ्मात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. एलसीडीत मागे दिवा असतो आणि पुढचे स्फटिक फक्त झडपेसारखे उघडझाप करतात. झडप बंद केली तरी थोडा उजेड झिरपतोच, म्हणून काळा रंग करडा दिसतो. पायोनियरने २००७ मध्ये प्लाझ्मा टीव्हीची जी मालिका काढली, तिचं नावच 'कुरो', जपानीत 'काळा'. होम थिएटरवाले आजही तिचं नाव आदराने घेतात.

मग हरला कसा? एक म्हणजे दुकान. ट्यूबलाइटच्या लखलखाटात एलसीडी जास्त चमकायचा. अंधाऱ्या खोलीतला काळा रंग तिथे दिसणार कुणाला? दुसरं, प्लाझ्मा वीज जास्त खायचा आणि जड असायचा. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: प्लाझ्माचे ठिपके फार बारीक करणं अवघड होतं. एलसीडी मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही सगळीकडे चालला, त्यामुळे कारखाने वाढले आणि किमती उतरल्या. पायोनियरने २००९ मध्ये टीव्ही सोडायचं जाहीर केलं. पॅनासॉनिकने २०१३ मध्ये प्लाझ्मा थांबवायचं ठरवलं. २०१४ मध्ये सॅमसंग आणि एलजीनेही हात आखडले.

पण स्वतः उजळणारा ठिपका मेला नाही. कोडॅकमधल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये ज्या ओएलईडीबद्दल लिहिलं होतं, त्याच्या रूपाने तो परत आला. यावेळी हुशारीने, आधी मोबाइलमधून! तुमच्या हातातल्या फोनवर 'अ‍ॅमोलेड' लिहिलं असेल, तर तो याच विचाराचा वारस.

आणि क्यूएलईडी? नाव जुळं वाटतं, पण दुकानात या नावाने मिळणारा टीव्ही मुळात एलसीडीच असतो, क्वांटम डॉट्स लावलेला.

म्हणून खरेदीला जाताना दुकानातली चमक बघून भुलू नका. दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून बातम्या आणि क्रिकेट बघणार असाल, तर उजळ एलसीडी घराला पुरे. रात्री दिवे मालवून सिनेमे बघायचे असतील, तर ओएलईडीचे जास्तीचे पैसे वसूल होतील. टीव्ही शेवटी दुकानात नाही, आपल्या खोलीत लागणार आहे.

तुमच्या घरी कोणता आहे, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!