कुत्र्याचा पाय, मालकाचे ओझे

पोलिओ झालेल्या मुलाच्या पायातला कॅलिपर जुन्या पिढीतल्या बहुतेक शिक्षकांनी पाहिलेला आहे. पोलादी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि खाली जड बूट असे त्याचे रूप. नव्या शिक्षकांनी तो कदाचित पाहिलाही नसेल. निसर्गातल्या पोलिओ विषाणूची बाधा झालेला भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. कॅलिपर हा कृत्रिम पाय नव्हे. जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी १९६८ च्या सुमारास तयार केलेला ‘जयपूर फूट’ गेलेल्या पायाची जागा घेतो, तर कॅलिपर असलेल्या पण दुबळ्या पायाला बाहेरून आधार देतो. अशा बाह्य आधाराला शास्त्रीय भाषेत ऑर्थोसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सरळ’ असा आहे.

असा आधार कुत्र्याला देता येईल का? प्रश्न शहरी हौसेचा वाटेल, पण तो तसा नाही. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागेत रात्री राखण करणारे किंवा मेंढरांच्या कळपामागे चालणारे कुत्रे ही घरातली कामाची जिवंत वस्तूच असते. त्याचा पाय अधू झाला तर मालकाला काही करता येते का? याचे उत्तर शोधताना एक मनोरंजक इतिहास समोर येतो. त्यात माणसाचे वैद्यक कुत्र्याकडे गेले आणि कुत्र्याचे वैद्यक माणसाकडे आले.

जर्मनीत बॉनजवळ ओबरकॅसल येथे १९१४ मध्ये खाणकामगारांना दोन माणसांच्या सांगाड्यांसोबत एका कुत्र्याच्या पिल्लाची हाडे सापडली. ती सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची आहेत. दातांवरच्या खुणा तपासून संशोधकांनी २०१८ मध्ये असा निष्कर्ष काढला की, या पिल्लाला डिस्टेंपर हा जीवघेणा रोग झाला होता आणि तरीही ते काही आठवडे जगले. अशा अवस्थेत ते शिकारीच्या काही कामाचे नव्हते. कोणीतरी त्याला भरवले, पाणी पाजले, उबेत ठेवले, म्हणूनच ते तग धरू शकले. अधू कुत्र्याचे ओझे माणूस किती जुन्या काळापासून वाहतो आहे, ते यावरून लक्षात येते.

आपल्याकडे सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचा उल्लेख आहे. अलीकडच्या काळाकडे आलो तर मुंबईतली एक घटना महत्त्वाची ठरते. १८३२ मध्ये सरकारने भटके कुत्रे मारण्याची मोहीम काढली. पारशी समाजाला कुत्रा पवित्र. त्यांनी कडाडून विरोध केला, इतर समाजांतले लोकही त्यांना मिळाले आणि शहरात दंगल उसळली. या वादानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ सुरू झाला. पांजरपोळात जनावराला चारा आणि आसरा मिळे. मात्र लंगडे जनावर आयुष्यभर लंगडेच राही. उपचाराची बाजू पुढे आली ती परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिल्यावर. १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. मराठवाड्याला मात्र परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयासाठी १९७२ पर्यंत वाट पाहावी लागली. तोपर्यंत, आणि त्यानंतरही बराच काळ, पशुवैद्याचे काम म्हणजे मुख्यतः बैल, गाई-म्हशी आणि घोडे यांची देखभाल. कुत्र्याचा क्रमांक शेवटचा.

आता मूळ तंत्राकडे वळू. मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या बांधणारे हाडवैद्य आपल्या खेड्यांत सर्वांनाच माहीत आहेत. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातही असे हाडवैद्य होते. त्यांच्याच एका घराण्यात ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) यांचा जन्म झाला. वडील परंपरागत हाडवैद्य, मुलगा शिकलेला डॉक्टर. त्यांनी लोखंडी सळईची एक चौकट बनवली. वर मांडीभोवती बसणारे कडे, दोन्ही बाजूंनी सळया आणि खाली पाय ताणून बांधण्याची सोय. मोडलेली हाडे हलत नाहीत, म्हणून आतल्या रक्तवाहिन्या फाटत नाहीत, हे त्यातले तत्त्व. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या हजारो सैनिकांसाठी ही चौकट वापरली गेली. १९३० च्या दशकात बोस्टनमधील श्रोडर या पशुवैद्याने तीच चौकट वाकवून कुत्र्याच्या पायाच्या आकाराची केली.

नुसते प्लॅस्टर का घातले नाही? प्लॅस्टर तर डच लष्करी शल्यवैद्य मथायसेन यांनी १८५१ मध्येच रूढ केले होते. पण कुत्रा प्लॅस्टर चावून काढतो. ‘सहा आठवडे पाय हलवू नकोस’ हे त्याला समजावता येत नाही. याच अडचणीतून अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील ऑटो स्टेडर या पशुवैद्याने वेगळा मार्ग काढला. मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली हाडात पिना बसवायच्या आणि त्या बाहेरून एका दांडीला जोडायच्या. दांडीची लांबी आणि कोन कमी-जास्त करता येई, आणि कुत्रा लगेच चालू लागे. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील डॉक्टरांनी हे पाहिले आणि माणसांवर वापरले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने ते स्वीकारले, कारण पाय मोडलेल्या खलाशालाही जहाजावर हालचाल करणे आवश्यक होते. कुत्र्यासाठी निघालेली युक्ती अशी माणसाच्या उपयोगी पडली!

हे सारे मोडलेल्या हाडासाठी. पण अस्थिबंध तुटला, सांधा झिजला किंवा पाऊल उलटे पडू लागले, तर आधार महिनोनमहिने लागतो. इथे कुत्र्याच्या पायाची रचना आडवी येते. कुत्र्याच्या मागच्या पायाचा ‘उलटा गुडघा’ आपण पाहतो, तो खरे तर घोटा आणि टाच. गुडघा त्याच्या वर, पोटाजवळ असतो. म्हणजे कुत्रा कायम चवड्यांवर चालतो. शिवाय त्याची मांडी वर रुंद आणि खाली निमुळती असते, त्यामुळे बांधलेला पट्टा चालताना खाली घसरतो. पोलाद आणि चामड्याचे जड साधन तिथे टिकेना.

उत्तर रसायनशास्त्राने दिले. इटलीत जूलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये पॉलिप्रॉपिलीन बनवले. हे प्लॅस्टिक हलके, चिवट आणि तापवले की मऊ होणारे. पायाचा साचा घ्यायचा, त्यावर तापवलेला पत्रा बसवायचा, आतून मऊ फोम लावायचा, सांध्याच्या जागी बिजागरी जोडायची. माणसांचे कॅलिपर अशा रीतीने हलके झाले, आणि २००० नंतर परदेशांत कुत्र्यांसाठीही असे आधार बनू लागले.

मात्र यश सरसकट मिळत नाही. गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेल्या कुत्र्यांच्या मालकांची अमेरिकेत केलेली एक पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया निवडलेले आणि बाह्य आधार निवडलेले, असे दोन्ही गटांतले बहुसंख्य मालक समाधानी होते. पण आधार वापरणाऱ्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या कातडीला इजा झाली होती. महाराष्ट्रातले उदाहरण वाघाचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१२ मध्ये सापळ्यात अडकून ‘साहेबराव’ या वाघाचा पुढचा पंजा जायबंदी झाला. जानेवारी २०२० मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात अस्थिशल्यवैद्य डॉ. सुश्रुत बाभुळकर आणि सहकाऱ्यांनी त्याला कृत्रिम पंजा बसवला. वाघाने तो थोड्याच वेळात काढून टाकला. स्टेडर यांच्यापुढची अडचण पुन्हा तशीच उभी राहिली.

म्हणूनच साधन कितीही चांगले असले तरी ते चालते ते मालकाच्या हातांनी. सकाळी चढवणे, रात्री उतरवणे, पुसणे, कातडी लाल झाली का ते पाहणे. पावसाळ्यात मराठवाड्याची काळी माती पट्ट्यात चिकटली तर हे काम दुप्पट. घरातल्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांवर किती ताण येतो, हे मोजण्यासाठी झॅरिट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एक प्रश्नावली बनवली होती. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे नातेवाईक त्यांच्यासमोर होते. तिच्याच आधारे अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठाच्या स्पिट्झनेगल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आजारी कुत्र्या-मांजरांच्या मालकांना प्रश्न विचारले. निरोगी प्राणी असलेल्या मालकांपेक्षा त्यांचा ताण आणि उदासीनता जास्त आढळली, तर जीवनमानाचा दर्जा कमी. ओबरकॅसलच्या पिल्लाला भरवणाऱ्या माणसाचे काय झाले असेल, हा प्रश्न विचारायला विज्ञानाला इतका काळ लागला. आधार देताना पशुवैद्याने कुत्र्याच्या पायाबरोबर घरातल्या माणसांची सवड आणि ऐपतही विचारात घ्यायला हवी, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

जालन्याचा मालक आज काय करू शकतो? कुत्रा पाय टेकत नसेल तर कामट्या घट्ट आवळून बांधू नयेत, कारण रक्तपुरवठा थांबून पाय सडू शकतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. गुंतागुंतीच्या उपचारांची गरज पडली तर परभणीचे महाविद्यालय त्याच रेल्वेमार्गावर आहे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. शांत स्वभावाच्या, ओळखीच्या आणि लसीकरण झालेल्या कुत्र्याला लांबून चालताना पाहा आणि मागच्या पायाचे रेखाचित्र काढा. त्यात गुडघा, घोटा आणि बोटे दाखवा. मग पुठ्ठा आणि सुतळी वापरून, खाली न घसरणारा पट्टा कोणत्या सांध्याच्या वर बांधता येईल, ते त्या आकाराच्या मातीच्या नमुन्यावर करून पाहा. तीन-चार प्रयत्न फसतील. पट्टा कुठे आणि का घसरला, ते प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवा.