विषाणूची झोप आणि जाग

जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरिओफाज किंवा थोडक्यात फाज म्हणतात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना फेलिक्स द'हेरेल यांनी १९१७ साली त्यांना हे नाव दिले. त्याचा अर्थ 'जिवाणूभक्षक'. परंतु काही जिवाणू वरकरणी निरोगी असत, जोमाने वाढत, आणि तरीही त्यांच्या द्रवात फाज सापडत. भक्षक आणि भक्ष्य एकत्र सुखाने कसे नांदतात?

याच संस्थेतील यूजीन आणि एलिझाबेथ वोल्मान या दांपत्याने १९३०च्या दशकात असे जिवाणू मुद्दाम फोडून पाहिले. आत तयार फाज नव्हते. तेव्हा फाज एखाद्या आनुवंशिक घटकासारखा सुप्त रूपाने पुढील पिढीत उतरत असावा, असे त्यांनी मांडले. अमेरिकेतील मॅक्स डेलब्रुक यांच्यासारख्या तज्ज्ञांना मात्र हा नमुन्यातील भेसळीचा परिणाम वाटे. वाद मिटण्याआधीच, डिसेंबर १९४३मध्ये, वोल्मान पतिपत्नींना अटक होऊन त्यांची आउशवित्झच्या नाझी छावणीत रवानगी झाली. तेथून ती परतली नाहीत.

आंद्रे ल्वॉफ यांनी १९४९ साली हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली एका थेंबात एकच जिवाणू ठेवायचा. त्याचे विभाजन झाले की एक पेशी काढून वेगळी वाढवायची आणि द्रवही तपासायचा. अशा १९ पिढ्या झाल्या. द्रवात फाज नव्हता, पण प्रत्येक पेशीच्या वंशजांत फाज निर्माण करण्याची क्षमता होती. म्हणजे तो बाहेरून येत नव्हता. १९५० साली ल्वॉफ, सिमिनोविच व केल्गार्ड यांनी अशा जिवाणूंवर अतिनील किरण सोडले. तासाभराच्या सुमारास जवळजवळ सर्व जिवाणू फुटले आणि असंख्य फाज बाहेर पडले!

जाग येते कशी? याचे उत्तर एस्थर लेडरबर्ग यांनी १९५१ साली जाहीर केलेल्या लॅम्डा या फाजमुळे मिळाले. त्याचे एक प्रथिन मारक जनुकांना दाबून ठेवते. मार्क टाश्नी यांनी ते १९६७ साली वेगळे केले. अतिनील किरणांनी जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की हे प्रथिन तुटते आणि फाज कामाला लागतो. बुडत्या घरातून बाहेर पडावे, तसेच हे.

झोपायचे की मारायचे, हा प्रश्न पेशीत शिरतानाही असतो. इस्रायलमधील रोटेम सोरेक यांच्या गटाने २०१७ साली असे दाखवले, की बॅसिलस जिवाणूंवरील काही फाज प्रत्येक संसर्गात सहा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी बाहेर सोडायला लावतात. तिचे प्रमाण वाढले, म्हणजे बरेच जिवाणू ग्रासले गेले. मग नंतरचे फाज सुप्तावस्थेकडे वळतात. शिकार संपवली तर त्यांचाही वंश खुंटेल. वर्गात 'फाज निवड करतो' असे आपण म्हणतो, तेव्हा ही निवड रेणूंच्या प्रमाणावर ठरते, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

वोल्मान दांपत्याचा मुलगा एली युद्धानंतर ल्वॉफ यांच्याच प्रयोगशाळेत आला. सुप्त लॅम्डा जिवाणूच्या गुणसूत्रावर ठरावीक जागी वसतो, हे दाखवणाऱ्यांत तोही होता. आईवडिलांचा तर्क खरा ठरला होता.