‘सिली’ या शब्दाची उतरण

वर्धा जिल्ह्यातील एका लहानशा गावी मिस्सा आटोपल्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस विचारले, “फादर, सिली म्हन्जे काय जी?” हकीकत अशी की, कापसाच्या चुकाऱ्यात व्यापाऱ्याकडून काही नोटा अधिक आल्या होत्या. त्या परत करण्यासाठी आबाजी दुसऱ्या दिवशी एस.टी.ने पुन्हा बाजाराच्या गावी गेले. तेव्हा इंग्रजी शाळेत शिकणारा नातू म्हणाला, “आबाजी, तुम्ही सिली आहात.” घरच्यांनी त्याचा अर्थ ‘बह्याड’ असा लावला आणि सारे हसले. आम्हीही घाईघाईने ‘वेडगळ’ असे सांगून मोकळे झालो. आबाजींचा चेहरा उतरला. पुढे शब्दाचे मूळ पाहिले, तेव्हा आपण किती अपुरे उत्तर दिले, याची आम्हांस लाज वाटली.

आपल्या घरांत हा शब्द आता परका राहिलेला नाही. गणितात बेरीज चुकली की मुले तिला ‘सिली मिस्टेक’ म्हणतात. क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या अगदी निकट, चेंडू अंगावर येईल अशा जागी उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाची जागा ‘सिली पॉइंट’ या नावाने ओळखली जाते. दोन्हीकडे अर्थ एकच : अक्कल बाजूला ठेवून केलेली गोष्ट.

परंतु हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचे पूर्वरूप ‘सुखी, भाग्यवान, धन्य’ या अर्थी वापरले जाई. त्याचा जर्मन भाऊबंद ‘झेलिख’ आजही ‘धन्य’ याच अर्थी नांदतो आणि पोप एखाद्यास ‘धन्यवादित’ घोषित करतात, त्या विधीच्या जर्मन नावात तोच शब्द आहे. इंग्रजीत मात्र त्याची पायरीपायरीने उतरण झाली. जो धन्य तो निष्पाप, जो निष्पाप तो दुबळा, जो दुबळा तो कीव करण्याजोगा. आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘मूर्ख’ हा अर्थ रूढ होऊ लागला.

नेमक्या त्याच काळातील एक साक्ष आम्हां कॅथलिकांना जवळची वाटावी अशी आहे. रॉबर्ट साउथवेल हा येशूसंघीय धर्मगुरू १५८६ साली गुप्तपणे इंग्लंडला परतला, १५९२ साली पकडला गेला आणि १५९५ साली त्यास लंडन येथे फाशी देण्यात आले. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी त्यास संतपद दिले. त्याने आपल्या एका नाताळ-कवितेत गव्हाणीतील बाळ येशूला हेच विशेषण लावले. तेथे त्याचा अर्थ मूर्ख नव्हे, तर निरागस, असहाय असा आहे. पुढे १६२९ साली मिल्टननेही ख्रिस्तजन्मावरील काव्यात मेंढपाळांच्या साध्या विचारांना तोच शब्द योजला.

आपल्या ‘भोळा’ शब्दाकडे पाहावे. शंकर भोळा, भक्त भोळा, येथे तो गौरव आहे; पण व्यवहारात कोणी भोळा म्हटले की फसणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. शब्द आपण होऊन खाली घसरत नाहीत. चांगुलपणाकडे बघण्याची बोलणाऱ्यांची नजर बदलते आणि शब्द तिच्यामागून जातात. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगून झाल्यावर ‘पढतमूर्ख’ वेगळा काढला, याचे मर्म येथे ध्यानी येते. शिक्षणाने मूर्खपणा जातोच असे नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने भावाला ‘मूर्ख’ म्हणणाऱ्यास कठोर इशारा दिला आहे, आणि करिंथकरांस लिहिताना संत पौलाने जगाच्या दृष्टीने मूर्ख ठरण्याची तयारी दाखविली आहे.

वर्ध्याला तर अशा ‘खुळ्या’ माणसांची परंपराच आहे. जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती गृहस्थ अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. मुंबईत हिशेबतपासनीसाचा प्रतिष्ठित व्यवसाय करणारे हे गृहस्थ १९२९ साली गांधीजींना भेटले आणि पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिले. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ते चिटणीस होते. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन आणि हातसडीचे तांदूळ, हे त्यांचे विषय. गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ सोडून हातसडीचा आग्रह धरणे अनेकांना वेडेपणाचे वाटावे, असाच तो काळ होता. पण तांदूळ फार पॉलिश केला की कोंड्याबरोबर जीवनसत्त्वेही निघून जातात, हे आज शाळकरी मुलेही जाणतात. त्यांनी तुरुंगवासात येशूच्या शिकवणुकीवर लिहिलेले पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झाले. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय वर्ध्यात आजही उभे आहे.

पुढच्या रविवारी आम्ही आबाजींना गाठून पूर्ण अर्थ सांगितला. ते क्षणभर गप्प राहिले, मग हसून म्हणाले, “म्हन्जे पोट्टं बरोबरच बोललं म्हना.”

पोराने कोणत्या अर्थाने म्हटले, हे ते जाणून होते. मुलांना इंग्रजी अवश्य यावे. परंतु जादा आलेले पैसे परत करणाऱ्या आजोबांना कोणता शब्द लावावा, हे मुले शाळेत शिकत नाहीत. ते घरी, आपल्या हसण्यावरून शिकतात.