चार आण्यांची कोंबडी, बारा सिलिंडरांचा मसाला

१९७२ सालच्या जुलै महिन्यात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जॅग्वार कंपनीने एक्सजे१२ नावाची मोटार बाजारात आणली. आत चामड्याच्या गुबगुबीत खुर्च्या, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, आणि बॉनेटखाली ५३४३ सीसीचं बारा सिलिंडरचं इंजिन! आपल्या अँबॅसडरचं इंजिन १४८९ सीसीचं होतं, म्हणजे जवळजवळ साडेतीन अँबॅसडर एकाच बॉनेटखाली कोंबल्या म्हणा ना. ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जाणारी ही गाडी त्या काळी जगातल्या सर्वांत वेगवान घरगुती गाड्यांत गणली जाई. आणि इतकं असूनही आत बसणाऱ्याला इंजिन चालू आहे की बंद, हे कळत नसे म्हणतात.

पुढे हीच गाडी सेकंडहँड बाजारात इतकी उतरली की ब्रिटनमध्ये एखाद्या साध्या छोट्या गाडीच्या भावात ती मिळू लागली. 'मिंडर' नावाच्या टीव्ही मालिकेत जुन्या गाड्यांची उलाढाल करणारा आर्थर डेली नावाचा एक लटपट्या माणूस होता, त्याच्याकडेही जॅग्वारच होती. सरदाराची पालखी बाजारबुणग्याच्या दारात यावी, तसंच हे. आपल्याकडे म्हण आहे, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. ही म्हण या गाडीइतकी दुसऱ्या कुठल्याही यंत्राला लागू पडत नसेल.

आता शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला मोटारींशी काय देणंघेणं, असं घरच्या मंडळींना वाटेल. माझ्या नावावर आजवर एक सायकल आणि एक स्कूटर एवढीच वाहनं लागली! पण धाकट्या बहिणीचा मुलगा इंग्लंडात असतो, त्याचा गेल्या महिन्यात फोन आला. "मामा, एक जुनी एक्सजे१२ मिळतेय. इंजेक्शनवाली आहे. लहानपणापासून डोक्यात होती. घेऊ का?" त्याने मला का विचारलं ते मी ओळखलं. बायको नको म्हणाली असणार आणि आई तर नक्कीच नको म्हणाली असणार, तेव्हा उरला मामा. रक्कम त्याने वर्षभर बाजूला टाकलेल्या पैशांत बसणारी होती. त्या पैशांतून लेकीच्या कॉलेजचीही सोय व्हायची आहे, हे मला ठाऊक होतं. म्हणून हो किंवा नाही म्हणण्याआधी या गाडीचा इतिहास वाचायचं ठरवलं. शब्दकोश शेजारी ठेवून तीन आठवडे वाचत होतो. मोठी गंमत वाटली, म्हणून तुम्हालाही सांगतो.

या कथेचा मूळपुरुष विल्यम लायन्स. १९२२ साली ब्लॅकपूलमध्ये एका भागीदाराबरोबर त्याने मोटारसायकलींच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. १९२८ साली बिऱ्हाड कॉव्हेंट्रीला हललं आणि १९४५ मध्ये कंपनीने जॅग्वार हे नाव घेतलं. लायन्सचा डोळा चित्रकाराचा आणि हात वाण्याचा. देखणेपणात कमी नको आणि किंमत मात्र प्रतिस्पर्ध्यांपेक्षा खूप खाली, हा त्याचा मंत्र. त्यासाठी तो पुरवठादारांशी पै-पैची घासाघीस करी. गिऱ्हाईक खूश होई, पण घासाघीस करून घेतलेला रबरी पाइप आणि स्विच शेवटी घासाघीस केलेलाच असतो. त्याचा हिशेब पहिल्या मालकाला चुकवावा लागत नाही. तो तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या नावावर चढतो.

१९६६ साली जॅग्वार ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि १९६८ मध्ये हे सगळं कुटुंब ब्रिटिश लेलँड नावाच्या अगडबंब कंपनीत गेलं. आपली अँबॅसडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि मॉरिसही याच कुटुंबातली. म्हणजे आपली अँबॅसडर आणि ही जॅग्वार दूरच्या बहिणीच लागतात! एक बहीण बंगालमधल्या उत्तरपाड्याला सासरी आली आणि पान्हा, हातोडा, तार एवढ्यावर रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडून दुरुस्त होत २०१४ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत राहिली. दुसरी राजवाड्यात राहिली आणि आजारी पडली.

एक्सजे मालिकेतली पहिली सहा सिलिंडरची गाडी १९६८ सालची. बारा सिलिंडरचं इंजिन वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी या इंजिनिअरांनी घडवलं. ते १९७१ मध्ये आधी ई-टाइपमध्ये आणि पुढच्या वर्षी एक्सजेमध्ये बसलं. त्याच १९७२ साली लायन्स निवृत्त झाला. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, तेलाची नाकेबंदी झाली आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेल काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेलं. ब्रिटनमध्ये ताशी पन्नास मैलांची वेगमर्यादा आली. लिटरला चार-पाच किलोमीटर जाणारी गाडी पदरी असणं तेव्हा हौशी माणसालाही परवडेना. १९७५ मध्ये ब्रिटिश लेलँड सरकारच्या मालकीची झाली. पैसा आटला होता आणि संपही बरेच झाले. १९७९ साली एक्सजेची तिसरी आवृत्ती आली तेव्हा नव्या रंगशाळेतून निघालेल्या गाड्यांना सुरुवातीला मोजकेच रंग मिळत, आणि तेही नीट बसत नसत.

आता दुखण्यांकडे येऊ. वैद्याच्या भाषेत सांगायचं तर या गाडीचा मुख्य विकार पित्ताचा, म्हणजे उष्णतेचा. बारा सिलिंडर, त्यावर कार्ब्युरेटर किंवा इंजेक्शनच्या नळ्या, एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसर, सगळं एका बॉनेटखाली दाटीवाटीने बसवलेलं. तिथे इतकं तापतं की बॅटरी गार ठेवायला कंपनीने एक छोटा पंखा दिला होता. बॅटरीला पंखा! इग्निशनची लुकास कंपनीची इलेक्ट्रॉनिक पेटी सुरुवातीच्या गाड्यांत थेट इंजिनाच्या दोन फळ्यांमधल्या खळग्यात बसवली होती. ती भाजून निकामी होई, म्हणून पुढे ती रेडिएटरजवळ हलवली. लुकासच्या वायरिंगबद्दल इंग्रज लोकच थट्टेने त्या कंपनीला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत.

इंजिनात सुमारे वीस लिटर पाणी फिरतं. इंजिन ॲल्युमिनियमचं, त्यामुळे पाण्यात गंजरोधक औषध नसेल तर धातू आतून झिजतो आणि गाळ रेडिएटरच्या तळाशी बसतो. बाहेरून पानं आणि धूळ अडकते ती वेगळीच. मग गाडी गरम होते. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र थर्मोस्टॅट असतो, पण डॅशबोर्डवरचा काटा मात्र एकाच बाजूचं तापमान सांगतो. दुसरी बाजू उकळत असली तरी काटा शांत. हेड वाकतं, व्हॉल्व्हची सीट निखळते. मग हेड काढायला घ्यावं तर ते लांब लांब स्टडना गंजून असं चिकटलेलं असतं की ते सुटायलाच मिस्त्रीचे दिवस जातात. मजुरी त्या दिवसांची लागते. गॅस्केटची किंमत त्यापुढे किरकोळ.

इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पेट्रोलचे रबरी पाइप उष्णतेने कडक होऊन तडकतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलं की काय होतं ते सांगायला नको. अनेक गाड्या अशा जळाल्या. पाइप स्वस्त असतो, म्हणून तो बदलणं पुढे ढकललं जातं. स्पार्क प्लग बारा. त्यातले पुढचे दोन एअर कंडिशनरच्या कॉम्प्रेसरखाली दडलेले, त्यामुळे कंटाळलेला मिस्त्री दहाच प्लग बदलून बाराचं बिल लावी, असं जाणकार गमतीने सांगतात. आमच्या शाळेत वह्या तपासताना मधली पानं न उघडता शेवटी सही ठोकणारे होतेच की!

मागच्या बाजूला ब्रेकच्या डिस्क चाकांजवळ नाहीत, मधल्या डिफरन्शियलला खेटून आहेत. गाडी मऊ चालावी म्हणून केलेली ही हुशारी. पण तिथलं ऑईल सील गळलं की तेल थेट ब्रेकवर, आणि डिस्क नीट बदलायची तर मागचा सगळा सांगाडाच खाली उतरवायला लागतो. शिवाय पत्रा गंजतो. चाकांवरच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, काचेच्या कडा, सगळीकडे. पेट्रोलच्या दोन टाक्या मागच्या दोन पंखांत बसवलेल्या, त्याही गंजतात.

भाच्यासाठी मी एक कोष्टक केलं. आकडे रुपये-पौंडांचे घातले नाहीत, कारण ते गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात. नगांची मोजदाद मात्र बदलत नाही. साध्या गाडीला चार प्लग, हिला बारा. साध्या गाडीला एक हेड, हिला दोन. ऑईल तिथे चारेक लिटर, इथे सुमारे दहा. एक टाकी, दोन टाक्या. मागचे शॉक ॲब्सॉर्बर तिथे दोन, इथे चार, आणि त्यांच्या स्प्रिंगाही चार. म्हणजे प्रत्येक कामाला आधी दुपटी-तिपटीने गुणायचं, आणि मग हात पोचत नाही म्हणून वाढलेल्या मजुरीने पुन्हा गुणायचं. गाडीची किंमत वर्षागणिक उतरत गेली, पण मिस्त्रीची मजुरी कधी उतरली नाही. हत्ती म्हातारा झाला म्हणून त्याचा चारा कमी लागत नाही. अमेरिकेत तर कित्येकांनी कंटाळून हे इंजिन उपसून काढलं आणि त्या जागी शेव्हरोलेचं साधं व्ही-एट बसवलं.

इथपर्यंत वाचून मी भाच्याला "नको" असं कळवणार होतो. पण पुढे वाचलं आणि थांबलो. १९८८ साली फ्रान्समधल्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार पहिली आली. १९९० साली पुन्हा. त्या गाड्यांतलं सात लिटरचं इंजिन याच बारा सिलिंडरच्या इंजिनाची वाढवलेली आवृत्ती होतं. म्हणजे जे इंजिन लंडनच्या चौकात उकळत उभं राही, तेच एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र शर्यतीच्या वेगाने धावू शकत होतं! हाड भक्कम होतं. आबाळ झाली होती ती त्याच्याभोवतीच्या नळ्या, वायरी आणि पाण्याची.

कारखान्याचंही तेच झालं. १९८० मध्ये जॉन ईगन नावाचा प्रमुख आला. त्याने दोषांची यादी करायला लावली, तेव्हा त्यातले कितीतरी बाहेरून घेतलेल्या सुट्या भागांचे निघाले. त्याने पुरवठादारांचे कान धरले. १९८१ मध्ये मायकेल मे या स्विस इंजिनिअरच्या रचनेचं नवं हेड आलं आणि पेट्रोलची भूक बरीच कमी झाली. १९८४ साली कंपनी पुन्हा खाजगी झाली, १९८९ मध्ये फोर्डने ती घेतली, आणि जून २००८ मध्ये जॅग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या २.३ अब्ज डॉलरना आपल्या टाटा मोटर्सने घेतल्या. तेव्हा आमच्या कट्ट्यावर पेढे वाटले होते! तिसऱ्या आवृत्तीतली बारा सिलिंडरची गाडी १९९२ पर्यंत बनत होती, ते इंजिन १९९७ पर्यंत टिकलं, आणि एक्सजे हे नाव २०१९ पर्यंत.

ब्रिटिश कामगार आळशी म्हणून गाड्या बिघडल्या, असं सोपं उत्तर पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. स्वस्त विकण्याचा मालकाचा हट्ट, विलीनीकरणाचा घोळ, तेलाचे भाव, सरकारची तंगी, आणि शेवटी ज्याने गाडी हौसेने घेतली पण ज्याला ती पोसता आली नाही असा तिसरा मालक. यातला प्रत्येक जण खर्च पुढच्याच्या गळ्यात टाकत गेला. जुन्या गाडीचं बिल म्हणजे अशा सगळ्या ढकललेल्या खर्चांची बेरीज, आणि ते हातात पडतं ज्याचा त्यात काडीचा हात नाही त्याच्या.

तेव्हा भाच्याला मी जे लिहिलं ते इतिहासाच्या मास्तरानेच लिहावं असं होतं. विकणारा सांगेल ती बखर. ऐकायला गोड, पण तिच्यावर विसंबायचं नाही. तू अस्सल कागद माग. पाणी कधी बदललं, रेडिएटर कधी उघडला, पेट्रोलचे पाइप कधी बदलले, प्लग बारा बदलले की दहा, याची तारखेसकट बिलं असतील तर ती गाडी महाग असली तरी स्वस्त आहे. फाईल नसेल तर ती फुकट मिळाली तरी महाग. आणि गाडीच्या किमतीइतकीच रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी काढता येत असेल तरच पुढे जा. ती रक्कम लेकीच्या पैशांतून काढायची नाही.

त्याचं उत्तर आलं आहे. विकणाऱ्याकडे फाईल आहे म्हणे, चांगली जाडजूड. पण १९९८ ते २००९ या अकरा वर्षांचा एकही कागद तीत नाही. मी त्याला एवढंच कळवलं की इतिहासात अशा कोऱ्या पानांना फार जपावं लागतं, कारण जे घडलेलं असतं ते बहुतेक तिथेच घडलेलं असतं. पुढचा निर्णय त्याचा.

तुमच्यापैकी कुणी अशी जुनी, भारी गाडी पोसली असेल तर तिचा मसाला किती आण्यांना पडला ते जरूर कळवा. भाच्याच्या आईलाही वाचायला देईन!