हत्यारांची मांडणी : गुण्यापासून टूलबारपर्यंत

मराठी मुद्रणाचा इतिहास वाचताना खिळ्यांच्या केसपाशी आपण क्वचितच थांबतो. मजकूर काय छापला गेला याची नोंद होते; तो जुळवणाऱ्याचा हात कोणत्या खणाकडे किती वेळा गेला याची होत नाही. वस्तुतः केसची मांडणी हे भाषेचे एक प्रकारचे वाचनच असते. वारंवार लागणारी अक्षरे हाताशी आणि दुर्मिळ जोडाक्षरे दूर, या व्यवस्थेत भाषेच्या वापराविषयीचे एक मत दडलेले असते. देवनागरीच्या खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत टिळकांसारख्या संपादकाने लक्ष घातले, ते या मांडणीचा भार वृत्तपत्राच्या वेगावर पडत होता म्हणूनच.

हाच प्रश्न आरेखनाच्या बाबतीत विचारता येतो. संगणकावर नकाशे काढण्याच्या प्रणालीत पडद्याच्या कडांना जी अवजारांची फळी दिसते, ती तशी का लावलेली असते? ती कोण लावतो? प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याचा इतिहास सांस्कृतिक आहे आणि त्यातील काही धागे वाळवा तालुक्याच्या परिसरातून जातात.

इस्लामपूर हे या तालुक्याचे मुख्य ठाणे. २०२५ साली राज्य शासनाने त्याचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. येथून कृष्णेच्या पलीकडे किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंगांतला भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही असे ध्यानात आल्यावर त्यांनी रंगकाम सोडले, यांत्रिक आरेखन आत्मसात केले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवलेही. ज्या आरेखनावर ही उद्योगपरंपरा उभी राहिली, ते रंगाविना केवळ रेषेच्या जाडीने, तुटकपणाने आणि मापाने बोलणारे होते. साहित्याच्या वाचकाला या कारखान्याची ओळख असते ती शं. वा. किर्लोस्करांनी १९२० साली सुरू केलेल्या ‘किर्लोस्कर खबर’मुळे. त्यांचेही शिक्षण चित्रकलेचे होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

त्या काळच्या आरेखकाची हत्यारे मोजकी होती. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, कंपास, शिसपेन्सिल, शाईचा पेन आणि ट्रेसिंगचा कागद. त्यांची मांडणी हाताच्या सवयीने ठरे. गवंडी ओळंबा जिथे ठेवतो किंवा सुतार गुण्या आणि पटाशी जिथे ठेवतो, तिथेच ती पुन्हा सापडली पाहिजेत, एवढा एकच नियम. सरकारी खात्यांत ‘आरेखक’ आणि ‘अनुरेखक’ ही पदनामे रूढ झाली. म्हणजे कामाच्या पायऱ्यांना मराठी शब्द मिळाले. अवजारांना मात्र इंग्रजीच नावे राहिली.

संगणकाने या टेबलाची जागा घेतली त्याची सुरुवात १९६३ साली मानतात. एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. उजव्या हातात प्रकाशलेखणी आणि डाव्या हाताशी बटणांची पेटी अशी त्यांची योजना होती. रेघ कुठे हवी हे लेखणी दाखवी आणि तिचे काय करायचे हे बटण सांगे. दर्शवणे आणि आज्ञा देणे अशी दोन हातांत विभागणी करून त्यांनी पुढच्या सगळ्या मांडणीचे व्याकरणच घालून दिले.

१९८२ साली स्थापन झालेल्या ऑटोडेस्क कंपनीने त्याच वर्षअखेर ‘ऑटोकॅड’ बाजारात आणले. आरंभी आज्ञांची यादी पडद्याच्या उजव्या कडेला शब्दांत दिसे किंवा आज्ञा टंकून द्यावी लागे. काही कार्यालयांत टेबलावरच्या संवेदक पाटीवर चौकटी छापलेला कागद पसरत आणि त्या चौकटींवर टोचून आज्ञा देत. तो कागद आपल्या कामानुसार बदलून घेता येई. खिळ्यांच्या केसचेच हे नवे रूप. १९८७ साली वरून उघडणाऱ्या याद्या आल्या, नव्वदच्या दशकात चित्रबटणांचे टूलबार आले, आणि २००८ मध्ये रुंद ‘रिबन’ आली. जुनी मांडणी ‘क्लासिक’ या नावाने काही वर्षे सोबत ठेवली गेली. २०१४ साली आलेल्या आवृत्तीतून तो तयार पर्याय काढून टाकला गेला. साहित्यात ‘अभिजात’ म्हणजे जे टिकते ते. येथे तेच विशेषण निरोपाआधीची पायरी ठरले.

इस्लामपूरजवळचे राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ सालचे. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट करून देण्याचे वसंतदादा पाटलांच्या सरकारचे धोरण त्याच वर्षीचे. म्हणजे नव्या आरेखनप्रणालीचा जन्म आणि ग्रामीण महाराष्ट्रात अभियांत्रिकी शिक्षणाचा विस्तार ही समकालीन घटना आहे. मराठी माध्यमातून, सहकारी साखर कारखान्यांच्या पट्ट्यातून आलेल्या विद्यार्थ्यासमोर जी फळी आली, तिचे शब्द ‘ट्रिम’, ‘ऑफसेट’, ‘फिलेट’ असे होते.

चित्रबटणांमुळे हा भाषेचा अडसर दूर होतो असे मानण्याचा मोह होतो. तो पूर्णतः खरा नाही. चित्र ओळखण्यासाठीही आधी ती क्रिया ठाऊक असावी लागते. शिवाय बटण लक्षात राहते ते जागेने, आज्ञा लक्षात राहते ती शब्दाने. मांडणी बदलली की जागेची स्मृती निकामी होते. ‘डावीकडून तिसरे बटण दाबा’ असे सांगणारी वही पुढच्या आवृत्तीत कोरी ठरते. याउलट रेषेसाठी ‘एल’ हे अक्षर टंकणाऱ्याला आवृत्त्यांच्या बदलाची फारशी झळ बसत नाही. पाठांतराची आपण कितीही हेटाळणी केली तरी येथे शब्द स्थानापेक्षा दीर्घायुषी ठरतो.

रंगाची कथा तर अधिक बोलकी आहे. ऑटोकॅडमध्ये रंगांना क्रमांक असतात : १ तांबडा, २ पिवळा, ३ हिरवा. प्लॉटरवर कोणत्या रंगासाठी कोणत्या जाडीचा पेन हे ठरवून दिलेले असे. त्यामुळे पडद्यावरचा रंग म्हणजे कागदावरची जाडी. १९९९ साली आलेल्या आवृत्तीत जाडी हा रेषेचा स्वतंत्र गुण झाला, तरी जुना संकेत अनेकांनी सोडला नाही. लक्ष्मणरावांनी रंग दिसत नाही म्हणून जवळ केलेली विद्या पुढे रंग ओळखता येण्यावर अवलंबून राहू लागली.

प्रणालीची फळी आपल्या सोयीने हलवण्याची मुभा आजही आहे. पण बहुतेक वर्गांत ती आयती आलेली असते तशीच राहते, आणि मांडणी हा कुणीतरी घेतलेला निर्णय आहे हेच विसरले जाते. अनुक्रमणिका, पाठ्यक्रम, कोशातला वर्णक्रम यांबाबत साहित्याच्या वर्गातही नेमके हेच घडते. जे हाताशी ठेवले जाते ते वापरले जाते. जे वापरले जाते तेच कालांतराने स्वाभाविक वाटू लागते.